वॉरंटीतील मोटारसायकल आणि घरची देखभाल : कंपनीच्या दोन पुस्तिकांचे अडीच वर्षांनंतरचे परीक्षण

नवी मोटारसायकल घेताना आपण तिचे मायलेज, किंमत आणि रंग बारकाईने पाहतो, परंतु तिच्याबरोबर हाती पडणाऱ्या दोन पुस्तिका घरी आल्यावर कपाटात जातात आणि पहिला बिघाड होईपर्यंत त्यांची आठवण कोणालाही येत नाही. एक असते गाडीच्या वापराची आणि देखभालीची माहिती देणारी, जिला सगळे मॅन्युअल म्हणतात, आणि दुसरी असते वॉरंटीच्या अटी व सर्व्हिसिंगची कुपने असलेली. गाडीच्या किमतीत आपण या पुस्तिकांचे आणि त्यांत दिलेल्या वचनांचेही पैसे मोजलेले असतात. म्हणून गाडीचे परीक्षण जसे लिहिले जाते, तसे या पुस्तिकांचे आणि त्यांच्या आधारे मिळणाऱ्या सेवेचे परीक्षण लिहावे, असे मला बरेच दिवस वाटत होते.

माझी गाडी १२५ सीसीची आहे. कोल्हापूर ते कागल एमआयडीसी अशा रोजच्या ये-जा करण्यात ती अडीच वर्षांत २९ हजार किलोमीटर चालली आहे. तिची वॉरंटी ३ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत आहे. या काळात चेन, ब्रेकची ढिलाई, केबल, एअर फिल्टर आणि बॅटरी यांची देखभाल मी घरीच केली, ठरलेल्या सहाही सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करून घेतल्या, आणि वॉरंटीतील एक मोठा क्लेम थोड्या वादानंतर का होईना, पण मंजूर झाला. कंपनीचे आणि केंद्राचे नाव मी येथे देत नाही. दुचाकींच्या वॉरंटीच्या अटी बहुतेक पुस्तिकांत एकाच घाटाच्या असतात, आणि मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही गाडीच्या मालकाला लागू पडेल असे आहे.

प्रथम मॅन्युअलविषयी. ही पुस्तिका मला मनापासून आवडली. चेनची ढिलाई किती मिलिमीटर असावी, क्लचच्या दांडीला किती मोकळीक ठेवावी, मागच्या ब्रेकचे पॅडल किती दाबले की ब्रेक लागायला हवा, एकट्याने जाताना आणि मागे माणूस असताना टायरमध्ये हवा किती भरावी, इंजिन ऑइल कोणत्या दर्जाचे वापरावे, हे सर्व तिच्यात आकड्यांसह आणि चित्रांसह दिलेले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, यांतील बरीच कामे मालकाने ठरावीक अंतराने स्वतः तपासावीत, असे कंपनीनेच तिच्यात लिहून ठेवले आहे. माझ्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे चेन दर ५०० किलोमीटरला स्वच्छ करून तिला ऑइल लावायचे असते. सुरुवातीची पहिली सर्व्हिसिंग सोडली तर पुढच्या दर ५ हजार किलोमीटरला होतात. म्हणजे दोन सर्व्हिसिंगच्या मधे नऊ वेळा हे काम मालकालाच करावे लागते, आणि जो ते करत नाही तो खरे तर कंपनीची सूचना मोडत असतो. ‘गाडीला घरी हात लावला की वॉरंटी जाते’ हा समज किती निराधार आहे, हे पाहण्यासाठी दुसरीकडे कोठे जाण्याची गरज नाही. कंपनीचे मॅन्युअलच त्याचा पुरावा आहे.

वॉरंटीच्या पुस्तिकेविषयी मात्र असे चांगले बोलता येत नाही. अक्षरे बारीक आहेत, वाक्ये लांबलचक आणि इंग्रजीत आहेत, आणि अटींची मांडणी अशी आहे की सामान्य ग्राहक घाबरून सगळेच केंद्रावर सोपवून मोकळा होतो. मी ती एका रविवारी पेन्सिल घेऊन वाचली, तेव्हा तिच्यातील अटी वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत हे लक्षात आले. ठरलेल्या अंतराला किंवा ठरलेल्या मुदतीत सर्व फ्री आणि पेड सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात झाल्या पाहिजेत, ही झाली पहिली अट, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक क्लेम हिच्यामुळेच अडत असावेत, असे मला आसपासच्या लोकांचे अनुभव ऐकून वाटते. दुसरी अट अशी की, ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन आणि तिची चक्रे, प्लग, फिल्टर, केबल, बल्ब, रबरी भाग असे जे वापराने झिजतात ते मुळातच वॉरंटीत नसतात, आणि टायर व बॅटरीची जबाबदारी त्या त्या उत्पादकावर असते. तिसरी अट अनधिकृत दुरुस्ती, अस्सल नसलेले सुटे भाग आणि गाडीत केलेले बदल यांविषयी आहे. संदिग्धता आहे ती या तिसऱ्या अटीत. बाहेर केलेल्या दुरुस्तीमुळे जो भाग बिघडला तेवढ्याचीच वॉरंटी जाते, की संपूर्ण गाडीची, हे माझ्या पुस्तिकेत नीट सांगितलेले नाही. एका ओळीतून एक अर्थ निघतो आणि पुढच्याच परिच्छेदातून दुसरा.

हा भेद शब्दच्छल नाही. मोटारगाड्यांच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात याच मुद्द्याला हात घातला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि ग्राहक स्वतंत्र गॅरेजमध्ये गेला एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असे सांगितले. पुढे कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिले केली, आणि तो आदेश दुचाकींविषयी नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही बिघाड आणि बाहेरचे काम यांचा कार्यकारण संबंध दिसला पाहिजे, हे त्यातील तत्त्व मला न्याय्य वाटते आणि कोणत्याही वादात ते शांतपणे मांडता येते. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे, आणि तेथे कंपनीला अमुकच ब्रँडचा भाग किंवा अमुकच ठिकाणची सेवा वापरण्याची सक्ती वॉरंटीच्या बदल्यात सहसा करता येत नाही. तेथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना त्याचा थेट आधार आहे. आपल्याकडे इतका स्पष्ट स्वतंत्र कायदा नसल्यामुळे पुस्तिकेतील अटी पाळूनच स्वतःच्या हातांना वाव शोधावा लागतो.

तो वाव पुरेसा आहे, असा माझा अनुभव आहे. घरची देखभाल म्हणजे मुख्यतः चेनची देखभाल, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कोल्हापूरच्या पावसात, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, रस्त्यावरचा चिखल चेनवर उडतो, ऑइल धुऊन जाते आणि दोन दिवस गाडी उभी राहिली तरी कड्यांवर तांबूस गंज दिसू लागतो. अशा दिवसांत ५०० किलोमीटरचीही वाट न पाहता मी आठवड्याला चेन पाहतो. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, न्यूट्रलमध्ये टाकावी आणि इंजिन बंद ठेवूनच चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटे गेल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांकडून ऐकायला मिळतात. रॉकेल किंवा चेन क्लीनर ब्रशने लावून मळ सोडवावा, कोरड्या कापडाने पुसावे, आणि नंतर मॅन्युअलमध्ये सांगितलेले ९० ग्रेडचे गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे चक्राच्या दात्यांवर बसणाऱ्या बाजूने, थेंबाथेंबाने सोडावे. आतून लावलेले ऑइल चाक फिरताना बाहेरच्या दिशेने कड्यांत झिरपते; वरून ओतलेले मात्र रिमवर आणि पँटवर उडते. अर्ध्या तासाने जास्तीचे ऑइल पुसून घेतले नाही तर त्यावर धूळ बसते आणि तीच चेनला घासते.

ढिलाई मोजताना एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे चाक फिरवत फिरवत ती जेथे सर्वांत ताठ असते तेथे मोजावे, अन्यथा सैल जागी मोजून घट्ट केलेली चेन ताठ जागी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ताण देते. मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवावे लागतात, आणि स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे एकाच रेघेवर आल्या पाहिजेत. माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे, त्यामुळे चाक मागे सरकले की ब्रेकची रॉड आपोआप ताणली जाते आणि पॅडलची मोकळीक कमी होते. चेन घट्ट केल्यावर ब्रेकची ढिलाई पुन्हा तपासली नाही, तर ब्रेक किंचित लागलेला राहून ड्रम तापतो. मॅन्युअलमध्ये ही सूचना आहे, पण ती वेगळ्या पानावर आहे. एवढ्याच कारणासाठी मी या उत्तम पुस्तिकेचे थोडे गुण कापीन. मागच्या चाकाचा नट किती जोराने आवळावा याचा न्यूटन-मीटरमधील आकडाही तिच्यात नाही. तो मी केंद्रातील मेकॅनिककडून विचारून लिहून घेतला आणि त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने नट आवळता येणारा पाना, विकत घेतला. रिंग पान्यांचा संच आणि पक्कड नाशिकच्या तापडिया कंपनीची आहेत, त्यांच्याविषयी एकही तक्रार नाही. टॉर्क रेंच ही चैन आहे असे मित्रांनी सांगितले होते, परंतु चाकाच्या नटाच्या बाबतीत अंदाजावर विसंबणे मला पटत नाही.

या सगळ्या कामाचा वॉरंटीशी संबंध असा की, चेन हा झिजणारा भाग असल्यामुळे तिला वॉरंटी नव्हतीच; तेव्हा तिला हात लावल्याने गमावण्यासारखे काही नव्हते, आणि मिळवण्यासारखे पुष्कळ होते. २९ हजार किलोमीटरनंतरही मूळ चेन-सेट चालू आहे. टायरमधील हवा, केबलमध्ये ऑइल सोडणे, बॅटरीची टर्मिनल स्वच्छ करून त्यांना पेट्रोलियम जेली लावणे ही कामे याच वर्गातली आहेत आणि त्यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही. एअर फिल्टर बदलताना मात्र कंपनीचाच घ्यावा आणि बिल ठेवावे, कारण हलक्या प्रतीचा फिल्टर घालून आत धूळ गेली तर नुकसान सिलिंडरचे होते आणि सिलिंडर वॉरंटीत असतो.

इंजिन ऑइल बदलणे हे काम मला येते, तरीही वॉरंटी संपेपर्यंत मी ते घरी करणार नाही. आमच्या गल्लीतील एका तरुणाने नव्या गाडीचे ऑइल दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या आधीच घरी बदलले. ऑइल चांगले होते, पण ते चारचाकीचे होते. मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि चारचाकीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यामुळे क्लच घसरू लागतो. म्हणूनच मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० या घट्टपणाच्या ग्रेडबरोबर जासो एमए-२ असा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीचा जपानी दर्जाही छापलेला असतो. त्यातच त्याने इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट जुन्याच वायसरवर इतका आवळला की अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले. केंद्राने क्लेम नाकारला आणि तो नाकारणे योग्यच होते. नुकसान आणि काम यांचा संबंध तेथे उघड्या डोळ्यांना दिसत होता. शिवाजी उद्यमनगरात नवे आटे पाडून, बुश बसवून त्याची गाडी दुरुस्त झाली, आणि आजही ती चांगली चालते. काढलेल्या ऑइलचाही प्रश्न असतोच. वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, ते गटारात ओतता येत नाही, आणि केंद्रात बदलून घेतले तर त्याची काळजी आपल्याला करावी लागत नाही.

विजेच्या वायरिंगला कात्री लावणे हे तर पूर्णपणे टाळावे. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर छोट्या मोटारसायकलींतही बहुधा कार्बुरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, आणि ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) व सेन्सर यांची वायरिंग गाडीच्या इतर वायरिंगलाच जोडलेली असते. मोठा हॉर्न किंवा जादा दिवा बसवण्यासाठी कापलेली एक वायर पुढच्या प्रत्येक विद्युत बिघाडाचे खापर मालकाच्या डोक्यावर फोडण्यास पुरते.

आता त्या क्लेमविषयी. गाडी २२ हजार किलोमीटर चालली असताना सकाळी स्टार्टर मंद फिरू लागला. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि मी दर महिन्याला बॅटरीचा व्होल्टेज टिपून ठेवतो. पूर्वी इंजिनचा वेग वाढवल्यावर तो १४.२ व्होल्टपर्यंत जात असे. आता तो १२.३ च्या वर सरकत नव्हता. म्हणजे बॅटरी भरलीच जात नव्हती, आणि दोष स्टेटर कॉइल (इंजिनच्या आत वीज तयार करणारी) किंवा रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा) यांपैकी एकात असणार होता. हे दोन्ही भाग वॉरंटीत येतात, म्हणून मी पुढे काहीही न उघडता गाडी केंद्रात नेली. तेथील सुपरवायझरांनी चेनच्या अॅडजस्टरवरच्या पान्याच्या खुणा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरची जेली पाहिली आणि म्हणाले, “काका, गाडीला बाहेर हात लागलाय. क्लेम बसणार नाही.”

मी वाद घातला नाही. माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्या वहीत प्रत्येक कामाची तारीख, त्या दिवशीचे किलोमीटर, काय केले, कोणते ऑइल वापरले आणि व्होल्टेज किती होता, हे लिहिलेले आहे. सुट्या भागांची बिले चिकटवलेली आहेत. आणि ज्या कामात एखादा नट उघडला त्याचा मीटरसह फोटो मोबाइलमध्ये आहे. मग मॅन्युअल उघडून चेन आणि बॅटरीच्या टर्मिनलची देखभाल मालकाने करावी असे सांगणारी पाने दाखवली, आणि विचारले की, यांपैकी कोणत्या कामामुळे इंजिनच्या आतील कॉइल जळू शकते, ते आणि वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या कलमानुसार क्लेम नाकारता ते, कृपया जॉबकार्डवर लिहून द्या. लेखी नकार देण्याची वेळ आली तेव्हा त्यांचा स्वर बदलला. प्रकरण कंपनीच्या प्रतिनिधीकडे गेले, त्यांनी कॉइल काढून तपासली, तिच्या वेटोळ्यातील आवरण जळाल्याचे मान्य केले, आणि नवव्या दिवशी नवी कॉइल विनामूल्य बसवून मिळाली. प्रतिनिधींनी वही चाळून पाहिली आणि सगळ्या मालकांनी अशी नोंद ठेवली तर आमचेही काम सोपे होईल, असे म्हटले, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते. सुरुवातीच्या नकाराबद्दल मी केंद्राला गुण देऊ शकत नाही, परंतु पुरावा पाहिल्यावर कंपनीने जे केले ते रास्त होते. मला मिळालेल्या वॉरंटी सेवेला मी पाचपैकी साडेतीन देतो. मॅन्युअलला साडेचार, आणि वॉरंटी पुस्तिकेला दोन.

लेखी नकार मिळाला असता तर पुढचा मार्गही मी पाहून ठेवला होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बहुतेक दुचाकी या मर्यादेत बसतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे, आणि देखभालीची माहिती, वॉरंटी व सेवा केंद्रे यांचा तपशील कंपन्यांनी तेथे एकत्र द्यावा अशी त्यामागची कल्पना आहे.

कंपनीकडे माझी मागणी लहान आहे. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत सर्व्हिसिंगच्या कुपनांमागे चार-पाच रेघी पाने घालावीत, त्यांवर मालकाने स्वतः केलेल्या देखभालीची तारीख आणि किलोमीटर लिहावेत, आणि केंद्राने प्रत्येक सर्व्हिसिंगला त्यावर सही करावी. चाकाच्या नटाचा टॉर्क मॅन्युअलमध्ये छापावा. आणि वॉरंटीची तिसरी अट मराठीत, एकाच अर्थाच्या वाक्यात लिहावी. सातवी सर्व्हिसिंग ३० हजारांवर आहे. तेव्हा हे परीक्षण छापून, वहीबरोबर, केंद्रातील सूचना पेटीत टाकणार आहे.